वीस मिनिटं ऊन

कोल्हापूरचे डॉक्टर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
कुडाळला येतात, स्टँडमागच्या गाळ्यात.
नऊ वर्षं मी त्यांना एकच उत्तर दिलं :
आता महिन्याला दोनदाच.

आधी आठवड्याला दोनदा असायची.
अर्धशिशी उजेडातूनच यायची.
सुरमईच्या पाठीवरच्या चमकेला दाते फुटायचे,
करवत होऊन ती डोळ्याच्या कोपऱ्यात फिरायची
आणि गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा जायचा.
उरलेल्या अर्ध्याशी मी भाव करायची.

गोळीने ते थांबवलं. फुकट नाही.
बोटांना मुंग्या, सोड्याची चव गेलेली,
आणि मधूनच एखादा शब्द.
समोर मोरी पडलेली, आणि मला मोरी म्हणता येईना.
ही घ्या, म्हटलं, ही... दातवाली.
गिऱ्हाईक हसलं. मीही.
एवढ्यात सुटत असेल डोकं, तर सुटू दे.

मार्चात, ओहोटीला, सर्जेकोटच्या खडकावर
कालवं काढायला गेले होते.
पडले म्हणावं तर पडलेही नाही,
हात टेकला नुसता.
मनगटात आवाज झाला,
कोयतीखाली कालव उघडतं तेवढाच.

बांबोळीला मशीनखाली निजवलं.
आकडा आला : वजा दोन पूर्णांक सात.
वजा? म्हणजे कुणाचं देणं लागते मी?

रुबिना डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढी.
पाळी कधी गेली? दूध घेता?
आणि ह्या गोळ्या, किती वर्षं?
मी पिशवीतून रिकामी पाकिटं काढली,
तिने ती पत्त्यांसारखी मांडली टेबलावर.
एकट्या गोळीवर आळ नाही घेणार, म्हणाली,
सगळ्यांना होतंच असंही नाही.
पण काहींचं रक्त हिने किंचित आंबट होतं,
मग हाड आपल्यातला चुना काढून देतं.

चुना.
माझे सासरे शिंपल्यांची भट्टी लावायचे.
रात्रभर कोळशात भाजलेला शिंपला
सकाळी अख्खा दिसायचा, रेषांसकट.
पाणी शिंपडलं की फसफसून
जागच्या जागी बसायचा.
नऊ वर्षं भट्टी पेटली होती म्हणायची,
आणि मला धुराचा वाससुद्धा नाही आला.

घरी आल्यावर जाऊ म्हणाली,
डोक्याची गोळी हाडाक कित्याक लागात गो?
मी म्हटलं, खालसूनच धरलेला असता ना डोक्या.

मनाने बंद करू नका, डॉक्टरने बजावलं होतं.
कुडाळला चिठ्ठी देते. हळूहळू बदलू.
आठवड्याला एक पुडी, दुधातून.
बारीक मासळी काट्यांसकट खा.
आणि रोज वीस मिनिटं ऊन.

मी हसले. तिला कळेना का.
मी उन्हापासूनच तर पळत होते, बाई :
काळा चष्मा, टोपलीवर निळी ताडपत्री,
दुपारी खिडकीला गोणपाट.
दर्यावर जन्मले, आणि रक्तात ऊन इतकं कमी
की लॅबवाल्याने नमुना दोनदा लावला.

आता साडेदहाला बसते,
परशा तारीच्या उलट्या होडीच्या कडेला.
डोकं होडीच्या सावलीत, पदर कपाळापर्यंत,
दोन्ही हात कोपरापासून पुढे उन्हात ठेवलेले,
वाळत घातल्यासारखे.
प्लास्टर निघालेला हात अजून दुसऱ्याचा वाटतो,
पांढरा, सोललेला.
परशा जाळं विणता विणता ओरडतो,
काय गो, खारवतंस की काय हात?

सुखवतंय, म्हणते मी.

आज सतराव्या मिनिटाला
डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.
मासा असेल, पाण्यातून उडालेला.
मासाच असेल.
तीन मिनिटं उरली होती.
मी हात मागे घेतले नाहीत.