पेन गोठू नये म्हणून

पहाटे तीनला मी भट्टी पेटवतो, कुओपिओत.
तळं गोठलेलं, बाहेर उणे सव्वीस.
परतल्यावर लगेच घरात शिरत नाही,
सरपणाच्या खोलीत कपडे उतरवतो,
कोपरापर्यंत हात घासतो, नखं, भुवया,
कानामागची पिठाची रेघ.
अर्ध्या गावाला पाव पुरवणारा माणूस
स्वतःच्या पोराला भेटायला
असा सोवळ्यात जातो.

वेइक्कोला गहू चालत नाही, अंडं नाही, काजू नाही.
दूध चालत नव्हतं.
चार वर्षांचा होता, कुणाचा तरी वाढदिवस,
कुणीतरी लोण्याची सुरी नुसती पुसून घेतली होती.
आयलानं त्याच्या मांडीत पेन खुपसलं आणि दहापर्यंत मोजलं.
अजूनही मोजते कधी कधी, झोपेत.

ते पेन गोठलं की निकामी.
म्हणून हिवाळाभर त्याच्या लोकरी बनियनच्या आत,
छातीशी धरलेलं,
घरट्यातून पडलेलं पिल्लू उबेला ठेवावं तसं.

डॉक्टर राउतियाइनेन म्हणाल्या,
टाळणं हाही उपचारच. पण दुधाचं करून बघू.
पेलाभर पाण्यात दुधाचा एक थेंब,
त्यातला एक चमचा.
मग दोन. मग एके दिवशी पोट आवळून आलं,
चार पायऱ्या मागे.
डोस घेतला की दोन तास पळायचं नाही.
रिंकच्या कठड्यावर हनुवटी टेकून
तो दुसऱ्यांचे गोल मोजायचा.
अंड्याचंही करून पाहिलं. घसा मिटायला लागला.
सोडून दिलं.
त्यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही.

आता तो नऊचा. रोज संध्याकाळी अर्धा पेला दूध.
इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली,
ते त्याला मुळीच आवडत नाही!
नाक दाबून पितो, जीभ बाहीला पुसतो.
"याला इस्पितळाचा वास येतो," म्हणतो.
पण खंड पाडता येत नाही,
शरीर शिकलेलं विसरतं.

मी कितीही घासून आलो
तरी तो माझ्या मानेपाशी नाक आणतो.
"आज वेलदोड्याचे बन."
बरोबर असतं.
त्यातला एकही त्यानं कधी खाल्लेला नाही.

काल हळूच विचारलं,
"शुक्रवारचे जळले होते ना, थोडेसे?"

जळले होते. अख्खा एक ट्रे.
मी कुणालाच सांगितलं नव्हतं.