चौदा किलो दोनशे

वॉर्डातला काटा लोखंडी, जुना.
कुणी उभं राहिलं की आधी थरथरतो, मग ठरवतो.
वंशिका हेडाऊ, वय सहा, राहणार पाचपावली.
आली तेव्हा सोळा किलो.
आज चौदा दोनशे,
त्यात पट्ट्यांचंही वजन आलं.

आगीनं न्यायचं ते मिनिटभरात नेलं:
पाठ, डावा दंड, कानामागचे केस.
उरलेलं अंग मात्र अजून पेटलेलंच आहे.
धूर नाही, उजेड नाही,
पण आत रात्रंदिवस चूल चालू,
आणि सरपण संपलं की ती
मांडीचं मांस ओढून घेते.
हे मी तिच्या आईला सांगते
दर तीन दिवसांनी, नव्या शब्दांत.

आई लग्नाघरी लांब पोळ्या करायला जाते.
उपडं मडकं, खाली जाळ,
हातावर झुलत झुलत कोपरापर्यंत आलेलं सैल पीठ.
फ्रॉक नायलॉनचा होता,
एवढंच सांगते ती त्या दिवसाबद्दल.
"म्हंजे जाळ कमी नाही करता येत," ती म्हणाली,
"लाकडंच घालत राहा लागते."
मला हे शिकायला चार वर्षं लागली होती.

मग घालतो आम्ही लाकडं.
सकाळी अंडी, दुधात शेंगदाण्याचा कूट,
दुपारी तूप ओतलेली मऊ खिचडी,
रात्री नाकातल्या नळीतून थेंब थेंब,
ती झोपेत असताना, तिला न विचारता.
शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते,
पांढरं खाल्लं की पू होतो.
दोन दिवस त्या एका वाक्याशी भांडण्यात गेले.
मामानं कळमन्याहून संत्री आणली, पिशवीभर.
ओठ फाटलेले, रस झोंबला,
तर साल नाकाशी धरून पडून राहिली
संध्याकाळपर्यंत.

तक्त्यात सगळं खाल्लेलं.
चार अंडी, चार खुणा, सिस्टरची सही.
आणि काटा खालीच.

मे महिना होता. कूलर नुसता घरघरत होता.
मी पडद्यामागे उभी राहिले, चोरासारखी.
चांगल्या हातानं तिनं अंडं मोडलं,
मोठा तुकडा पुढे केला.
"आ कर."
"मले उपास हाये व माय."
"काल बी होता."
"काल दुसरा होता."
सोमवार, गुरुवार, शनिवार, मधे चतुर्थी,
देव इतके बोललेले
की आठवड्याला वार पुरत नव्हते.
आणि वॉर्डात नातेवाइकांचं ताट येत नाही,
हे मला माहीत होतं,
नऊ वर्षं माहीत होतं.
"तू खाशीन त मी खाईन."
आईनं दाराकडे पाहिलं, वर पाहिलं,
मग तोंड उघडलं.
तिचा जबडा हलताना मी पाहिला,
हळू, विसरलेलं काम आठवावं तसा.
पोरीनं उरलेला तुकडा गिळला
आणि दुसरं अंडं हातात घेतलं,
वाटणीसाठी.

दुसऱ्या दिवशी मी चाराची सहा केली.
दुधाचा पेला एक वाढवला.
स्वयंपाकघरातून शामकुंवर वर आले,
मॅडम, एवढीशी पोरगी, सहा?
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
जखम मोठी आहे.
त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि पोळ्याही दोन जास्त पाठवू लागले,
न लिहिता.

आज चौदा तीनशे पन्नास.
दीडशे ग्रॅम. ओल्या पट्टीचंही असेल,
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
वंशिका काट्यावरून उतरली,
पाय एकेक करून, भिंत धरून,
आणि म्हणाली, आता आईले उभी कर.
आई नको नको म्हणत चपला काढून चढली.
काटा थरथरला.
बराच वेळ काही ठरवेना.