कनवटीला

डुलूथमध्ये जानेवारीत दिवस पाचच्या आतच मिटतो.
बंदरात खनिजाची जहाजं बांधून ठेवलीत, मार्चपर्यंत.
फक्त सांडपाण्याच्या टाक्यांवर वाफ असते,
आणि त्या वाफेतून येतो आर्विड कोस्किनेन,
हातात बाटली: कोमट, मातकट, झाकण घट्ट.
"घे, तुझी माणसं."

काचेवर एक थेंब. त्यावर टोल्युइडिन ब्लू.
पेशी निळ्या, भोवतालही निळं,
आणि त्या निळ्याच्या पोटात एक ठिपका
जांभळा होत जातो,
करवंद पिकावं तसा.

फॉस्फेटला फॉस्फेट, त्याला पुढचं फॉस्फेट.
शेकडो मण्यांची माळ,
ना फांदी, ना मजकूर.
जनुकांसारखं काही सांगायचं नसतं तिला.
नुसतं कनवटीला असायचं.

हवा नसलेल्या टाकीत ते ती मोडतात,
मणी विकून व्हिनेगरसारखं आंबट काहीतरी आत घेतात.
हवा आली की हावऱ्यासारखे पुन्हा ओवत बसतात.
पाणी स्वच्छ होतं ते आपल्याला. त्यांना त्याचं काय!

माझ्या फळीवर दुसरे आहेत,
ज्यांना ही माळ ओवताच येत नाही.
खाऊन-पिऊन असताना कुणी ओळखणार नाही.
उपासमार लागली की कळतं.
पहिले अंग आखडतात, आतलं सगळं घडी करून ठेवतात,
थांबतात.
यांना थांबणं जमत नाही.
उपाशी राहायलासुद्धा गाठीला काहीतरी लागतं.

काल दोघांवरही ब्लीचचा थेंब सोडला.
प्रथिनं उसवायला लागतात तेव्हा
माळ जाऊन त्यांना धरून बसते,
तापात बरळणाऱ्याचा हात धरून बसावं तशी,
ताप उतरेपर्यंत, एक शब्द न बोलता.
दुसऱ्यांकडे बसायला कुणी नव्हतं.

आर्विडच्या डब्यात तळाशी एक चॉकलेट असतं,
चांदीच्या कागदाला सुरकुत्या.
बर्फात गाडी अडकली तर, म्हणतो.
दरवर्षी नवं ठेवतोस?
"छे. सात वर्षं तेच."

आज तबकड्या मोजल्या.
माळवाल्यांच्या मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती.
दुसऱ्यांची एक.
बहुतेक बाहेरून पडलेलं काहीतरी असेल,
वहीतही तसंच लिहिलं.
तबकडी मात्र टाकली नाही,
फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवली.