खिशातला हात

विमानं दुसऱ्या टेबलावर रंगतात.
माझ्याकडे माणसं येतात.
बहात्तरास एक या मापाची, बसलेली,
डोकं मोहरीहून जरा थोर.
कातडीचा एक ठिपका, चष्म्याचे दोन तपकिरी फटकारे,
झाला पायलट.
डोळे काढायचे नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.
डोळे काढले की सगळे घाबरलेले दिसतात.

या खेपेला स्पिटफायर. एक्केचाळीस सालचं.
काचेचं टोपण मागे सरकवलेलं,
आत आर्नोश्त ह्रुबेश, उजवा हात वर.
खोक्यावरच्या चित्रातही तसाच, हसरा,
ढगांना टाटा करणारा.
आठशे नग, प्रत्येकाला क्रमांक,
सोबत सोनेरी काठाचं प्रमाणपत्र.

नोव्हेंबरात एक बाई आल्या. बुटांना चिखल.
कारकुनाने हात झटकून माझ्याकडे पाठवल्या.
द्राहोमीरा ह्रुबेशोवा.
त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं, शेजारी एक फोटो,
आणि म्हणाल्या,
"हे माझे वडील. हे नव्हेत."

पहिल्याच हिवाळ्यात, समुद्रावर, हातमोजा फाटला.
दोन बोटं काळी पडली, ती कापली.
उरलेल्या तिघांवर ते विमान चालवत राहिले,
पण कॅमेरा दिसला की हात खाली जायचा.
कुणालाच कधी हात केला नाही त्यांनी,
आईलासुद्धा नाही, स्टेशनावर.

पंचेचाळीसात परतले, चार पदकं घेऊन.
पुढे चौथं वर्ष लागायच्या आत
पहाटे गाडी आली. का, ते कुणी सांगितलं नाही.
चार वर्षं आत.
मग ओलोमोउत्सच्या बाहेर वीटभट्टी.
मुकादम म्हणायचा, राजेसाहेब, खिशातून हात काढा.
वरून विमान गेलं तर सगळे वर बघायचे.
ते विटा मोजत राहायचे.

मी म्हटलं, ओतून झालेत हो आठशेच्या आठशे.
खोकीसुद्धा छापलीत.
"माहीत आहे," त्या म्हणाल्या.
चहा प्यायल्या, कप विसळून ठेवला, गेल्या.
काही मागितलं असतं तर
नाही म्हणता आलं असतं.

सगळे गेल्यावर मी एक उचलला.
चारशे सतरा.
खांद्यापाशी ब्लेड टेकवलं. टक् झालं,
आणि हात कुठेतरी उडाला.
दिवा जमिनीवर धरून शोधला. नाही सापडला.
मग लांबी वळून नवा केला,
मांडीवर ठेवला, बोटं तीनच कोरली.
या मापात बोट केसाहून जाड नसतं,
त्यामुळे ती तीनही दिसत नाहीत म्हणा.
रंग वाळल्यावर त्याला बाकीच्यांत मिसळून दिला.
कुठे गेला, विचारलं नाही.

मेमध्ये गेंटहून तक्रार आली.
फोटो मोठा केलेला, भोवती लाल गोल:
माल सदोष. पायलट हात करत नाही.
मॅनेजर बोलायचं ते बोलला,
हात करणारा दुसरा पाठवून दिला.
दहा दिवसांनी चारशे सतरा परत आला,
कापसात, आजारी पाखरासारखा गुंडाळलेला.
गेंटचा तो माणूस जपणारा असावा.

सदोष माल भंगारात, असा नियम.
विमान टाकलं. डब्यात पडलं तेव्हा
त्याच्या आकाराच्या मानाने फार वाजलं.
त्याआधी चिमट्याने माणूस सोडवून घेतला होता.
रजिस्टरात लिहिलं: नष्ट, एक.
खाली सही, तारीख.

ट्राममध्ये बसायला जागा होती, मी उभीच राहिले.
डाव्या हातात दांडा.
उजवा कोटाच्या खिशात, मूठ न आवळता,
एवढासा तो बोटांना लागतोय का, चाचपत.
समोरच्या सीटवरचं एक पोर
सारखं मला हात करत होतं.
त्याची आई माझ्याकडे बघायला लागली.
मला काही
हात बाहेर काढवेना.