इन्स्पेक्टर ह्रोमाद्काचा खिसा

ओस्त्रावा. सातवा मजला. नोव्हेंबरचा शनिवार.
राडिमने जुन्या बाजारातून ऐंशी क्राउनला आणलेली कॅसेट,
वयाने माझ्यापेक्षा मोठी,
यंत्रात सरकवली, आणि टीव्ही चिरकायला लागला:
पत्र्यावर कुणी सुरी घासावी तसा, पाच मिनिटं, न थांबता.
"हा पहिला साक्षीदार," व्लास्तिमिल काका म्हणाले.
"बोलतो खूप, सांगत काहीच नाही."

काकांनी एकतीस वर्षं पोलिसात काढली.
खून एकही नाही. सायकली.
चोरीला गेलेल्या सायकली, क्वचित शिवणयंत्र,
आणि एकदा एक हंस,
ज्याबद्दल ते बोलत नाहीत.

पडदा हिरवा झाला. एक गिरणी आली.
गिरणीत जमिनीवर सहा चौकोन, त्यातला एक लाल.
"हा मेलाय?"
"हो काका."
"मला वाटलं टेबल."

शिडी घे, राडिमने लिहिलं.
'तू शिडी घेतलीस.'
कंदील घे. दोरी घे. मासा घे.
'घेतलास.'
काकांनी चष्मा पुसला.
"कोटाचा खिसा आहे का धान्याची कणगी?
अरे, पंचनामा नाही, साक्षीदार नाहीत, एक सही नाही,
हा तर घर धुऊन निघालाय.
मी असतो तर आधी ह्यालाच आत टाकला असता."

माळ्याला विचार.
'माळी म्हणतो: आज धुकं आहे.'
माळ्याला मासा दाखव.
'माळी म्हणतो: आज धुकं आहे.'
माळ्याला प्रेत दाखव.
'आज धुकं आहे.'
"हा मात्र अस्सल," काका खूश.
"असे शेकड्यांनी पाहिले. काही तर पगारी होते,
माझ्या शेजारच्याच टेबलावर."

दहा वाजले. बटाट्याचं सूप मी तिसऱ्यांदा गरम केलं.
तोवर राडिम तळघरात तीनदा मेला:
एकदा पायरी चुकून, एकदा उंदीर चावून,
एकदा दार उघडलं म्हणून, बाकी कारण दिलं नाही.
"सरकारी खातं दिसतंय."

सगळं अडलं ते विधवेपाशी.
आदेला. काळा झगा, आठ चौकोन, खिडकीजवळ उभी.
विचार. 'ती गप्प आहे.'
धमकाव. 'मला हे क्रियापद येत नाही.'
मासा दे. 'ती गप्प आहे. मासाही.'
अंगठी, पत्र, पैसे, शेवटी शिडीसुद्धा देऊन झाली.
राडिमने कीबोर्डला एक कचकचीत शिवी हासडली.
टाइप करून.
'मला हे क्रियापद येत नाही.'

मग काका खुर्ची ओढत पुढे आले.
एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत,
संध्याकाळपासून आम्ही सगळ्यांशी अरेतुरेत बोलत होतो,
त्यांनी लिहिलं: बसा.

कर्सर लुकलुकला.
'आदेला बसते.'
आणि मग ओळीमागून ओळ,
'रात्री अकराला चाक थांबलं. मी खाली गेले.
त्याच्या हातात माझंच पत्र होतं...'
राडिम माझ्याकडे बघत राहिला.
काका पडद्याकडे, मान हलवत,
जणू बाई समोर बसल्यात आणि घाई कुणालाच नाही.
"उभ्या माणसाला सारखं दार दिसत असतं रे,"
ते हळूच म्हणाले. "त्या हंसवालीलाही."
पुढे काही नाही. सूप मागितलं.

साडेअकराला निकाल: खुनी माळी.
गुण शंभरपैकी चौसष्ट.
"शक्यच नाही! पहिल्यापासून एकच साक्ष, शब्द बदलला नाही.
खोटं बोलणारा रंग भरतो.
आणि बाकीचे छत्तीस कुठे गेले?"
"मासा परत केला नाही आपण," राडिम म्हणाला.

मी उरलेलं सूप डब्यात भरून दिलं.
कोट घालून, टोपी चढवून, काका दारात थांबले.
"त्या बाईंना कुणी उठा म्हणालं का?"

राडिमने वायर केव्हाच काढली होती.
टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही तिघं,
उभे.