निम्म्यांचा आकडा

कोलीन क्लोराइड पांढरं, मॅलिक आम्लही पांढरं,
दोन्ही कोरडी, चमच्यातून सळसळत पडणारी.
ऐंशी अंशांवर ढवळत बसलं
की तासाभरात एकमेकांच्या अंगात विरतात,
आणि पाण्याचा थेंब न घालता
बीकरमध्ये पाक होतो. दाट, नितळ.
मुंजाजी मामांनी तो उजेडात धरला,
"गुलाबजामाचा दिसायलाय की ओ मॅडम."

नांदेडच्या या प्रयोगशाळेत माझं तिसरं वर्ष.
वसमतच्या हळदीतला पिवळा जीव
या पाकानं बाहेर काढायचा.
हेक्झेन नको, अ‍ॅसिटोन नको,
कपाळात ठणकणारा तो वास नको.
अर्जात 'हरित' हा शब्द मी अकरा वेळा लिहिला होता.
'नैसर्गिक' मोजला नाही.
सफरचंदातलं आम्ल, कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलीन,
यात भ्यायचं काय?

हळद सुटली. भरभरून सुटली.
वाळूजच्या एका क्रीमवाल्याचा फोनही येऊन गेला.
हंबर्डे मॅडम एवढंच म्हणाल्या,
आधी पेशींना विचार.

पेशींना विचारायचं म्हणजे
शहाण्णव खड्ड्यांची एक प्लेट,
खड्डा ज्वारीचे चार दाणे मावतील एवढा,
आणि तळाला चिकटलेली कातडीची लेकरं.
कुणाची कातडी, कुठल्या देशातली, ठाऊक नाही.
सदतीस अंशांवर, गुलाबी रसात
ती अजून वाढतात, दुभागतात.
रविवारीही मी त्यांच्यासाठी येते.
लाईट गेली, इन्व्हर्टरची शिट्टी वाजली
की माझा जीव खालीवर.

पाकाचा थेंब पडला
आणि गुलाबी रस जागच्या जागी पिवळा झाला.
सकाळी सूक्ष्मदर्शकात पाहिलं:
काल पाय पसरून बसलेल्या
आज गोल, आखडलेल्या,
तळ सोडून तरंगत होत्या.
मग रंग घातला.
जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करते,
मेलेली काहीच करत नाही.
पहिल्या चार रांगा
हळद लागल्यासारख्या पिवळ्याधमक.

वाटलं, माझीच हळद मला फसवतेय.
नुसत्या पाकावर पुन्हा लावलं. तसंच.
आम्ल वेगळं दिलं, कोलीन वेगळं दिलं,
पेशी कळवळल्या, पण बऱ्याचशा उभ्या राहिल्या.
दोघं एक होऊन आले की मात्र
दार कुणाला लावता आलं नाही.

आईला फोनवर सांगितलं.
ती पॉलिशच्या ड्रमवर असते, तळव्याच्या रेषा
बारा महिने पिवळ्या.
"नुसतं झाडाफळातलं घेऊन बी मरायलेत?" मी म्हटलं.
ती हसली. "बिब्बा काय कारखान्यातून येतो का बाई?"

आठवलं. पायात काटा मोडला तेव्हा
तिनं सुईच्या टोकाएवढा बिब्बा लावला होता.
दैवशाला आत्यानं पळीभर चोपडला,
तिच्या पोटरीवर अजून काळं पान आहे.

आम्लाऐवजी ग्लिसरीन घालून पाहिलं.
जांभळं परतलं, पुष्कळसं.
हळद मात्र निम्मीच सुटली.
क्रीमवाल्याला हे कसं सांगायचं
यावर दुपार गेली, चहा गेला.

आज अहवालात तो आकडा भरायचाय:
किती पाकात निम्म्या पेशी उरतात.
"निम्म्या मरतात असं नाही का लिहायचं?"
मामा टेबल पुसता पुसता विचारतात.
आकडा तोच आहे, मामा.
"तरी पण," ते म्हणतात, आणि फडका पिळतात.

बाटलीवरच्या लेबलला हिरवं पान छापलेलं.
पानाखाली मार्करनं आकडा लिहिते.
शाई ओली असतानाच अंगठा लागतो,
पहिला अंक फिसकटतो.
पुन्हा लिहिते, जरा दाबून.