आधी घावेल ते

कुपवाडच्या एमआयडीसीत, रात्री पावणेदोनला
बिल्ड पुन्हा अडला.
पडद्यावर एकच ओळ : प्रोग्राम सापडला नाही.

अरे, आहे की.
मीच ठेवलाय, ह्याच डिस्कवर, दोन फोल्डर आत.
पण नेमून दिलेल्या वाटांपलीकडं
मान वळवायची ह्याला सवय नाही.

खाली टूलरूममधले दस्तगीरमामा असेच.
तेराचा पाना मागा :
पहिलं कपाट, मग दुसरं, मग खिडकीखालचा डबा.
आधी हाताला लागेल तिथं शोध संपला.
डब्यात नवाकोरा असू दे,
तुम्हाला कपाटातला झिजकाच.
"तेराचा म्हणलासा, तेराचा दिला. करा सही."

शेवटी वैतागून म्हटलं,
बघ बाबा, सगळ्या डिस्कवर बघ.
आणि सापडला!
भराभर हिरव्या ओळी, बिल्ड पुरा.
फक्त चाचणीच्या काट्यावर
हळदीचं पोतं चाळीस ग्रॅमनं जड भरलं.

कुठला घेतलास, विचारलं.
त्यानं सरळ पत्ता दिला, आतल्या आत उतरत जाणारा,
शेवटून दुसरं नाव : वैजू_तात्पुरतं.

वैजयंता नोकरी सोडून गेली
त्याला तीन वर्षं होतील दिवाळीत.
तिचं तात्पुरतं अजून हाकेला ओ देतंय,
माझ्याआधी.

पुसायला बोट गेलं, थांबलं.
नुसता क्रम बदलला :
आधी माझी वाट, मग तिची.

चहाला खाली उतरलो.
मामांनी वहीतून मान वर केली, "घावलं काय?"
घावलं, म्हटलं.
कुठलं, ते सांगितलं नाही.